थकबाकीचा आहेर

वायरमन दारात आला तेव्हा माझ्या उपरण्याला शालनच्या पदराची गाठ मारलेली होती, समोर वास्तुशांतीचा होम पेटला होता आणि भटजींनी नुकतंच बजावलं होतं की गाठ सुटेपर्यंत पाटावरून उठायचं नाही.

"मालक कोण हाय?" त्यानं विचारलं. खांद्यावर शिडी, कमरेला पक्कड, गालात तंबाखू.

मांडवातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. घरमालक म्हणून ती माझी पहिलीच ओळखपरेड. त्यानं शिडी मांडवाच्या खांबाला टेकवली, चपला काढल्या, होमाला हात जोडले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "अठरा हजार सहाशे थकलंय. लाईट कापायचा हुकूम हाय."

"स्वाहा," भटजी म्हणाले. मी तूप सोडलं.

घर घेऊन मला दोन महिनेही झाले नाहीत, मागचं जे काही असेल ते जुन्या मालकाचं, खरेदीखतात तसं लिहिलेलं आहे, हे मी त्याला दोन आहुत्यांच्या मधल्या जागेत समजावून सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, खरेदीखत वाचायचं काम त्याच्याकडे नाही. माणसं येतात, जातात. थकबाकी मीटरला असते. मीटर तुमच्या भिंतीवर आहे का नाही, तेवढं सांगा.

मीटर माझ्या भिंतीवर होतं. कालच मी त्याला हळदीकुंकू लावलं होतं.

"अहो, काय म्हणतोय तो?" शालननं ओठ न हलवता विचारलं.

"प्रसादाला आलाय."

"शिडी घेऊन?"

मी वायरमनला म्हटलं, जेवून घे, मग बघू. तो म्हणाला, गल्लीच्या पलीकडची दोन कनेक्शनं कापून जेवणाच्या वेळेला येतोच. "तसंबी यायचंच हाय. आवतान हाय मला." त्याला आवतण दिल्याचं मला आठवत नव्हतं. पण चारशे माणसांना सांगितलं होतं, त्यात कोणकोण होतं हे कुणाला आठवतंय? तो गेला आणि शिडी मात्र मांडवाला टेकलेलीच ठेवून गेला. ती बघत मी उरलेला होम केला.

आता मला घाम का फुटला होता, ते सांगायला पाहिजे. आमच्या विट्याकडची माणसं सोनं-चांदी आटवायला देशभर जातात. मीही पोरवयात सेलमला गेलो. सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, जाळायचा, धुवायचा, मुशीत घालायचा आणि त्यातून रवाभर सोनं काढायचं, हा आमचा धंदा. अशा माणसाची नजर तयार होते. समोरच्यात किती सोनं आणि किती केर, हे तो नमस्कार करेपर्यंत कळतं. फक्त स्वतःचा केर कुणाला दिसू द्यायचा नसतो. सेलमचं दुकान शेवटी भागीदाराच्या घशात गेलं आणि उरलंसुरलं घेऊन मी गावी परतलो. पण सेलमहून परतलेला माणूस गावात शेठच असतो. अधिकराव मुळीक एस.टी.तून उतरला, तरी लोकांनी 'शेठ आले' म्हटलं. गाडी मागून येतेय, असं मी सांगून टाकलं. ती अजून येतेय.

होतं तेवढं घरात घातलं. वास्तुशांतीसाठी शालनच्या पाटल्या गेल्या. माहेरी ठेवायला दिल्यात, असं आम्ही एकमेकांच्या साक्षीनं लोकांना सांगत होतो. अठरा हजार सोडा, त्या दिवशी माझ्याकडे अठराशे नव्हते. आणि चारशे माणसांसमोर शेठच्या घराची लाईट बिलापायी कापली गेली असती, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या विट्याला माझा कस कळला असता. मग उधारीवर नवं दुकान टाकायचं, ते कुणाच्या जिवावर?

माझी चूक एवढीच की घर घेताना मी भिंती ठोकून बघितल्या, कौलं मोजली, कागद वकिलाला दाखवले, पण शेवटचं लाईट बिल मागितलं नाही. गुंजभर घट आली तर रात्रभर न झोपणारा मी; पण शेठनं लाईट बिलासारखं फुटकळ काही विचारायचं म्हणजे कसंसंच वाटलं. विकणारे दत्तोबा किर्दत म्हणाले होते, "बिलाचं सगळं बघितलंय मी, शेठ." मी मान डोलावली होती.

किर्दततात्या म्हणजे सूतगिरणीतले रिटायर हेडक्लार्क. अंगणात लघवीला उठले तरी आतला दिवा मालवून येणारा माणूस. आगपेटीची काडी मधून चिरून दोनदा वापरतात, असं त्यांच्याबद्दल बोललं जायचं. मला पाटावर बसल्याबसल्या हेच कोडं पडलं होतं. दोन खोल्या, एक पंखा, आणि असला चिकट माणूस. ह्यानं अठरा हजारांची वीज जाळली कशानं?

तात्या पंगतीच्या आधी आले. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, हातात नारळ. जुन्या मालकाला मान द्यायचा म्हणून त्यांना कोचावर बसवलं होतं. भटजी चहाला उठले, पण गाठ काही अजून सोडली नव्हती. पूर्णाहुती व्हायची होती. मग मी आणि शालन तसेच गाठीसकट कोचापर्यंत गेलो. लोकांना वाटलं, नमस्काराला चाललेत. वाकलेल्या अवस्थेतच मी विचारलं, "तात्या, बिलाचं काय?"

"कसलं बिल?"

"अठरा हजार सहाशे. वायरमन आलाय."

"आला का?" तात्यांचा चेहरा खुलला. मी पाहुण्याची वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा बघतोय की कर्जबुडव्याचा, मला कळेना. "शेठ, तुम्ही घर घेतलंत ते भिंतींसकट घेतलंत. मीटर भिंतीवरच आहे."

"खतात लिहिलंय, मागचं देणं तुमचं."

"माझं असेल ते माझं. पण ते बिल माझं नव्हतंच कधी," ते म्हणाले आणि आशीर्वादाला हात वर केला. शालननं वाकल्यावाकल्याच त्यांच्या पायाच्या अंगठ्याजवळ असा काही श्वास सोडला की तात्यांनी पाय आखडून घेतला.

परत पाटाकडे जाताना ती म्हणाली, "हातात माझ्या पाटल्या असत्या तर ह्याच्या डोक्यात घातल्या असत्या."

तेवढ्यात मांडवातला माइक खरखरला आणि त्या आवाजावरनं मला तोड सुचली. आमच्याकडे वास्तुशांतीला आहेर येतो तो गुपचूप खिशात घालत नाहीत. कुणी काय दिलं, ते स्पीकरवरून पुकारतात. देणारा दहा रुपयांनी जास्त देतो ते त्या पुकाऱ्यासाठीच. आणि एकदा पुकारलेला आहेर मागे घेतल्याचं आमच्या तालुक्यात कुणी ऐकलेलं नाही.

पुकारायला होते हिंदुराव तामखडे. शेजारीच राहायचे. मांडव त्यांचा, स्पीकर त्यांचा, आणि आमच्या दोघांच्या घरांमधल्या चिंचोळ्या जागेत मारुतीचं देऊळ होतं, त्याच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. गल्लीत त्यांना अण्णा म्हणत. आवाज असा की भांडी आहेरात आली तर ती वाजल्यासारखी वाटत. स्वभावानं काटकसरी, दर महिन्याला आपलं लाईट बिल पारावर दाखवायचे. "ऐंशी रुपये. घरात सात माणसं, पण शिस्त हाय."

पूर्णाहुती झाली, भटजींनी गाठ सोडली आणि मी सरळ अण्णांकडे गेलो. त्यांच्या कानात सांगितलं. अण्णांनी भुवया वर केल्या, पण असला आहेर पुकारायची संधी त्यांना आयुष्यात आली नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

"ऐका मंडळी. ह्या घराचे जुने मालक, आपल्या गल्लीचं भूषण, श्रीयुत दत्तोबा किर्दत यांच्याकडून अधिकराव शेठना आहेर. ह्या घराचं आजपर्यंतचं थकलेलं समदं लाईट बिल. रुपये अठरा हजार सहाशे."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. किर्दतानं दिले? आगपेटीवाल्या किर्दतानं? बायका पंगतीतून उठून बघायला लागल्या. शालन माझ्याकडे अशी बघत होती, जशी ती लग्नानंतर सेलमच्या पहिल्या वर्षी बघायची. मला वाटलं, झालं, आटलं सोनं.

तात्या कोचावरून उठले. हात जोडून चारी बाजूंना नमस्कार केला. नाही म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. वायरमन नेमका तेवढ्यात परतला होता आणि हात धुऊन पंगतीत बसायला जागा शोधत होता. तात्यांनी त्याला हाक मारली.

"बाबा, जेवायच्या आधी काम उरक. काप."

"आता आहेर दिलाय नव्हं तुम्ही?"

"पावती आहे का तुझ्याकडे?"

"पावती कुठनं असणार?"

"मग हुकूम आहे तसं कर. कापल्याशिवाय बिल कुणाचं ते कळायचं नाही."

मी मध्ये पडलो, अण्णा माइकवरून समजूत घालायला लागले की शुभकार्यात असं करू नये, तात्यांना उन्हाचा त्रास झाला असावा. वायरमननं दोघांकडे बघितलं, पुऱ्यांच्या टोपल्याकडे बघितलं, लवकर उरकावं असं त्याला वाटलं असणार. शिडी उचलून तो रस्त्यावरच्या विजेच्या खांबावर चढला.

"मी म्हणतो, देवाच्या दारात बसलेल्या माणसांनी—" अण्णा माइकवर म्हणत होते. तेवढ्यावर त्यांचा आवाज बसला. म्हणजे तोंड हलत राहिलं, पण आवाज एकट्या माणसाएवढाच उरला. पंखे थांबले. आणि भिंतीपलीकडे सकाळपासून चाललेलं मारुतीचं भजनही मधेच गप्प झालं. देवळातली ट्यूब विझली. कळसावरचा लाल दिवा विझला.

गल्लीतल्या बाकी घरांत रेडिओ चालू होते.

चारशे माणसांच्या त्या शांततेत अण्णांच्या परसातून त्यांच्या सुनेचा आवाज आला. माइक चालू असता, तर कुणाला ऐकूही आला नसता.

"मामंजी, आपली लाईट गेली. घरघंटीत दळण अडकलंय."

मांडवातली एकेक मान वळली. माझ्या भिंतीवरून देवळाच्या शिखरापर्यंत भगव्या पताकांची एक दोरी बारा महिने बांधलेली असायची. शिखरावरून तशीच दुसरी दोरी अण्णांच्या मागच्या दारापर्यंत. देवाच्या पताका कोण कशाला सोडतोय, म्हणून कुणी त्यांना कधी हात लावला नव्हता. आता सगळ्यांना पताकांच्या आतली काळी वायर दिसली. रोज दिसत असणार. बघितली त्या दिवशी.

बायकांच्या पंगतीत कुजबुज सुरू झाली. गल्लीतलं सगळं दळण त्या घरघंटीवर जायचं. अण्णांची सून पायलीमागे पैसे घ्यायची. माझ्या पंगतीतल्या पुऱ्यांचं पीठसुद्धा तिथलंच होतं. म्हणजे अजून किर्दतांच्याच नावावर असलेल्या मीटरवर दळलेल्या पुऱ्या आम्ही किर्दतांनाच वाढणार होतो.

अण्णा गडबडले नाहीत. अध्यक्ष माणूस. ते म्हणाले, "देवाचीच लाईट हाय ती. देवाच्या दारातनं परसाद न्यावा, तशी थोडी नेली."

"प्रसाद चिमूटभर नेतात, अण्णा," तात्या कोचावर टेकत म्हणाले. "तुम्ही कढईच नेलीत."

हसू आधी पुरुषांच्या बाजूला फुटलं. मग पसरत पसरत भटजींपर्यंत पोचलं.

पुढची बोलणी खालच्या आवाजात झाली. आहेर तात्यांच्या नावानं पुकारला गेला होता, तो पुकारणारे अण्णाच होते आणि जळालेली वीज अण्णांची होती. माझ्या दोन खोल्यांचं नि देवळाला दिलेल्या एका बल्बाचं सोळा वर्षांचं बिल मी वेळच्या वेळी भरलंय, तात्या म्हणाले, ह्या वर्षीचं तेवढंच हे घ्या. त्यांनी पाकिटातून मोजून नोटा काढल्या. बाकीचं ज्यानं दळलं त्यानं द्यावं. अण्णा म्हणाले, मांडवाचं नि स्पीकरचं भाडं सोडतो, उरलेलं पुढच्या महिन्यात बघू. मी हो म्हणायच्या बेतात होतो. भाडं तरी कुठून देणार होतो मी? पण भिंतीपलीकडून सून पुन्हा ओरडली की दळण भिजकं आहे, तसंच राहिलं तर जाळ्यात चिकटेल. तेव्हा अण्णांनी तिला कपाटातलं पाकीट आणायला सांगितलं. तिनं ते भिंतीवरून दिलं. मांडवाचं भाडंही सोडून घेतलं मी. एकदा बोललेलं अण्णांना मागे कशाला घेऊ द्यायचं?

वायरमन आधी जेवला. त्याला घाई करायची कुणाची हिंमत झाली नाही. मग अण्णांच्या लुनावरून, शिडी न घेता, दोघं कचेरीत गेले, पैसे भरून पावती घेऊन आले आणि तो पुन्हा खांबावर चढला. ह्या वेळी देवळाकडची वायर सोडवून ठेवली आणि एकच जोडणी दिली, माझ्या घराची.

पंखे फिरले. माइक खरखरला. आणि मी बघत असतानाच अण्णांनी तो उचलला.

"ऐका मंडळी. आजपर्यंत किर्दततात्यांच्या कृपेनं मारुतीरायाच्या दारात उजेड होता. तो आजपासून बंद व्हायला नको म्हणून घराचे नवे मालक, आपले सेलमवाले अधिकराव शेठ यांच्याकडून देवाला आहेर. कायमची लाईट."

टाळ्या मघापेक्षाही जास्त झाल्या. मी काय करणार? तात्यांनी केलं होतं तेच केलं. हात जोडून चारी बाजूंना नमस्कार केला. शालन माझ्याकडे आता सेलमच्या शेवटच्या वर्षीसारखी बघत होती.

तात्यांना सोडायला मी फाटकापर्यंत गेलो. ते वळले नि म्हणाले, "आता कळलं मी घर का विकलं?"

मुलाला नोकरी लागू दे, मारुतीला जन्मभर दिवा देईन, असा तात्यांच्या मंडळींनी नवस बोलला होता. मुलाला नोकरी लागली. तात्यांनी एक वायर टाकून एक बल्ब दिला. मग ट्यूब आली. मग भजनाची टेप. मग अण्णांच्या परसातला दिवा, पंखा, फ्रीज, आणि शेवटी घरघंटी. तात्यांना सगळं माहीत होतं.

"कापायची मग," मी म्हटलं.

"नवसाची वायर? मी कापली असती तर पोराची नोकरी गेली असती. म्हणजे गेली नसती, पण आमच्या घरात रोज संध्याकाळी तिची वाट बघितली असती. आणि अण्णांना बोलायला जावं, तर ते देवाच्या आड उभे. देवाच्या दिव्याचा हिशोब मागतो म्हणून मलाच गल्लीनं थुंकून काढलं असतं. तसाही मी आगपेटीवाला." त्यांनी टोपी नीट केली. "म्हटलं, सरकारनं कापावी. सरकारला कुठं पोराची नोकरी आहे? तर बिल भरायचं सोडलं. पण वायरमन येऊन, देवाचा दिवा कसा विझवायचा म्हणून, मारुतीच्या पाया पडून परत जायचे. शेवटी घर काढलं विकायला. आणि परवा ह्या वायरमनला जाऊन जेवायला बोलावलं."

"माझ्या वास्तुशांतीला?"

"तुमची पत्रिका आली होती मला. सहकुटुंब सहपरिवार लिहिलं होतं. गल्ली एका जागी बसलेली असतानाच कापायला पाहिजे होती, शेठ. नाहीतर अण्णांनी दुसऱ्या दिवशी पताका बदलल्या असत्या."

"आणि तुमचा बेत फसला असता तर?"

"तर बिल तुमच्या मीटरवर होतंच," तात्या म्हणाले आणि उन्हातून, सावली धरून, हलक्या पावलांनी निघून गेले.

ह्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. उधारीवर टाकलेलं दुकान चाललं. ती वायर मी दर महिन्याला स्वतः तपासायचो. देवळापाशी ती संपते की नाही, हे पताका उसवून बघायचो. अण्णांचं बिल पुन्हा पारावर आलं नाही. आता मुलगा पुण्याला बोलावतोय म्हणून घर विकायला काढलंय. परवा एक गिऱ्हाईक आलं. बँकेतला तरुण माणूस, घुले आडनावाचा, हुशार. त्यानं भिंती ठोकल्या नाहीत, कौलं मोजली नाहीत. आधी वर्षभराची लाईट बिलं मागितली. मी काढून दिली. सगळी वेळच्या वेळी भरलेली.

त्यानं ती नीट वाचली आणि म्हणाला, "काका, मार्चमध्ये तुम्ही दोघं महिनाभर पुण्याला होता ना? घर बंद होतं, तरी एवढी युनिटं कशी पडली?"

"भाडेकरू आहे एक," मी म्हटलं. "शेजारच्या जागेत. त्याला रात्रभर दिवा लागतो."

"भाडं किती देतो?"

आतून शालन हसली. मी म्हटलं, तसं काही देत नाही. पण त्रासही नाही काही. एकटा आहे, कधी तक्रार करत नाही.

घुलेनं चेहरा गंभीर केला. कूळ वगैरे लागलं तर नंतर कटकट होते, हे त्याला बँकेमुळे माहीत होतं. "व्यवहाराच्या आधी त्याला काढता येईल का?"

"काढून बघा," मी म्हटलं. "आधीच्या मालकांनी बघितलं होतं. त्यांनाच घर सोडावं लागलं."